हजेरीपटापासून लॉगिनपर्यंत : मनुष्यबळ आणि आयटी विभागांची पार्श्वभूमी

बडोद्यातील एखाद्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत नवा अभियंता सोमवारी रुजू होतो, ओळखपत्र त्याच दिवशी गळ्यात पडते, पण लॅपटॉप आणि ईमेल खाते मिळायला गुरुवार उजाडतो. मनुष्यबळ विभाग म्हणतो, नाव वेळेत कळवले होते. आयटी म्हणते, तिकीट, म्हणजे कामाच्या मागणीची नोंद, आजच आले. या कुरबुरीचे मूळ माणसांच्या आळसात कमी आणि दोन्ही विभाग ज्या वाटांनी घडले त्यांत अधिक आहे.

मनुष्यबळ विभागाचा उगम कारखान्याच्या दाराशी, टाइम ऑफिसातल्या मस्टरवर झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि हजेरी, रजा, शिस्त व तंटे यांभोवती कार्मिक विभाग उभा राहिला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आजही मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण समाजकार्य विद्याशाखेत मिळते, यात त्या कल्याणकारी उगमाची खूण दिसते. पुढचे वळण १९७५ मध्ये आले. अहमदाबादच्या आयआयएममधील उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोला मूल्यमापन, प्रशिक्षण आणि बढतीची वाट यांचा एकत्र विचार करणारी स्वतंत्र व्यवस्था सुचवली आणि ‘मनुष्यबळ विकास’ हा शब्द भारतीय उद्योगात रुळू लागला.

आयटीची वाट हिशेबखात्यातून निघाली. लंडनच्या लायन्स या चहागृहे चालवणाऱ्या कंपनीने १९५४ मध्ये आपल्या ‘लिओ’ संगणकावर कर्मचाऱ्यांचे पगार काढायला सुरुवात केली. म्हणजे दोन्ही विभागांची पहिली गाठ पगारपत्रकावरच पडली, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडेही या विभागाला बराच काळ ‘ईडीपी’ (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणत, आणि तो बहुधा हिशेबप्रमुखाच्या हाताखाली असे; बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांतले निवृत्त काका अजून तेच नाव घेतात.

तंत्रज्ञान कंपनीत पेच आणखी वाढतो. येथे हजारो अभियंते ग्राहकांसाठी संगणकाचेच काम करतात, त्यामुळे स्वतःच्या कंपनीचे सर्व्हर आणि पासवर्ड सांभाळणारा अंतर्गत आयटी विभाग कमाई न करणारा, म्हणून दुय्यम ठरतो. मनुष्यबळ विभागाचीही फेररचना झाली : अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्ह उलरिच यांच्या १९९७ मधील मांडणीचा आधार घेत कंपन्यांनी नित्याची कागदपत्रे सामायिक सेवा केंद्राकडे दिली, तज्ज्ञांचे गट वेगळे काढले आणि प्रत्येक व्यवसायाला एक भागीदार अधिकारी जोडला. सोय झाली, पण नव्या माणसाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे धूसर झाले.

दोघांना पुन्हा जवळ आणले ते लेखापरीक्षकांनी. कंपन्यांच्या आर्थिक अहवालांवर नियंत्रण आणणारा अमेरिकेतील २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आणि २००५ चे आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचे मानक यांच्यामुळे, नोकरी सोडलेल्या माणसाचे लॉगिन कधी बंद झाले, याचा पुरावा परदेशी ग्राहकही मागू लागले. राजीनाम्याची नोंद एका विभागाकडे आणि खात्याची किल्ली दुसऱ्याकडे. ती नोंद उशिरा पोचली, तर गेलेला माणूस प्रणालीत हजरच राहतो. म्हणून अनेक कंपन्यांत आता मनुष्यबळाच्या नोंदीतली रुजू होण्याची व सुटण्याची तारीखच प्रमाण मानून खाते आपोआप उघडते आणि मिटते. अर्थात, ती तारीख शुक्रवारी संध्याकाळी भरली गेली, तर सोमवारचा लॅपटॉप गुरुवारीच मिळतो.