पाडकामातील साहित्याचा पुनर्वापर (नागपूर)

पाडलेल्या इमारतींतून निघणाऱ्या विटा, लाकूड, कवेलू व काँक्रीट यांतून अल्प उत्पन्न गटाची घरे बांधण्याची पद्धत. हल्ली ती ‘चक्राकार अर्थव्यवस्थे’त (वापरलेले साहित्य फेकून न देता पुन्हा वापरात आणणारी व्यवस्था) गणली जाते. ही संज्ञा सामान्यतः अर्थशास्त्रज्ञ पीअर्स व टर्नर (1990) यांच्याकडे नेली जाते. कल्पनेचे मूळ काही जण अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंगच्या 1966 मधील निबंधात शोधतात. बोल्डिंगचा रोख मात्र पृथ्वीवरील मर्यादित साठ्यांवर होता. बांधकामापुरते पाहता श्टाहेल व रेडे यांचा 1976 चा अहवाल अधिक जवळचा वाटतो. ऊर्जेऐवजी मनुष्यबळ हा त्याचा गाभा आहे, आणि जुनी वीट साफ करणे हे नेमके तेच काम. चुन्यात विटांची भुकटी (सुरखी) मिसळण्याची रीत या सर्वांच्या फार आधीची. ‘सुरखी’ हा शब्द फार्सी ‘सुर्ख’वरून (लाल) आला असला, तरी त्यावरून रीतीचे वय ठरत नाही, ती बहुधा शब्दाहून जुनी असावी.

वीट : जुनी वीट कामाची की नाही, हे विटेपेक्षा मसाल्यावर (विटा जोडणारा चुना वा सिमेंटचा गिलावा) ठरते. महाल, इतवारी भागांतील जुन्या चुनेबांधणीत मसाला विटेहून कमजोर असतो. पहारीने (सब्बल) थर उचलला की वीट अखंड सुटते. सिमेंटच्या मसाल्यात विटेचाच पापुद्रा निघतो. असा माल फोडून कोब्यात (ठोकून केलेली जमीन) किंवा भरावात घालावा. जोत्याखालच्या व न्हाणीच्या विटा वेगळ्या काढाव्यात, नाहीतर त्यांतील क्षारांमुळे नव्या भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो. भारवाही भिंतीसाठी विटेचे दाबबल (दाब सोसण्याची क्षमता) किमान 3.5 न्यूटन प्रति चौ. मिमी. आणि 24 तास भिजवल्यावर जलशोषण 20 टक्क्यांच्या आत हवे. चिकटलेला चुना घासून काढावा व वीट भिजवूनच लावावी. नागपुरी उन्हाळ्यात कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. 9 इंची जुनी व 190 मिमी. नवी वीट एका भिंतीत मिसळल्यास थर जुळत नाहीत.

काँक्रीट : आयएस 383 (2016) या भारतीय मानकानुसार पुनर्चक्रित काँक्रीटची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम-25 (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये 20 टक्के व एम-15 खालच्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे चालते. चिकटलेल्या मसाल्यामुळे ती पाणी जास्त पिते. जलशोषण 10 टक्क्यांपर्यंत मान्य असले, तरी गिट्टी आधी भिजवणे बंधनकारक. पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिस) तुकडे मिसळल्यास त्यातील सल्फेटमुळे काँक्रीट फुगून तडकते. वाकलेली सळई सरळ करून स्लॅबमध्ये घालू नये; ती भट्टीतच जावी.

कवेलू : मंगलोरी कौले (विदर्भात इंग्रजी कवेलू) सळयांच्या चौकटीत, स्लॅबच्या खालच्या भागात बसवतात. तेथील काँक्रीट ताण घेत नसल्याने त्याची जागा कौल घेते. ही पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली. कौले भिजवलेली हवीत. भिंतीलगतचा पट्टा भरीव ठेवावा.

लाकूड : सागवानी म्यालींची (छताच्या तुळया) भिंतीत गाडलेली टोके बहुधा कुजलेली असतात, ती कापल्यावर लांबी घटते, म्हणून चौकटींसाठी त्या सोयीच्या. रंधा मारण्यापूर्वी खिळे काढावेत.

भराव : शहरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती ओलीने फुगते व सुकल्यावर आकसते, म्हणून ती काढून मुरूम भरावा. वर मातीविरहित राबीट (पाडकामाचा चुरा) 150 मिमी. थरांत ठोकावे.

नियम : 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून अधिक मलबा निर्माण करणाऱ्यास तो वेगवेगळा करावा लागे, एकेकटे घर पाडणारा बहुधा या मर्यादेखाली राही; 1 एप्रिल 2026 पासून त्यांची जागा 2025 च्या नियमांनी घेतली. ॲस्बेस्टॉसचे पत्रे पुनर्वापरातून वगळावेत.