डिटेक्टिव्हचं लायसन असतं का, आणि आमच्याकडे येण्याआधी काय करू नका

ऑफिसात आलेला माणूस खुर्चीत टेकला की पहिलं हेच विचारतो, भाऊ तुमच्याकडे डिटेक्टिव्हचं सरकारी लायसन आहे का. नाही, आणि भारतात कुणाकडेच नाही, कारण ते देणारा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत बिल आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. २००५ चा 'पसारा' कायदा आहे तो सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्यांसाठी, त्याचं सर्टिफिकेट डिटेक्टिव्हचं म्हणून कुणी दाखवलं तर तिथून उठा. आमचा गुमास्ता आहे, जीएसटी नंबर आहे, काम सुरू व्हायच्या आधी लेखी करार होतो आणि पैशाची पक्की पावती मिळते. दुसरीकडे गेलात तरी एवढं मागाच.

कामाला यायचं म्हणणारी पोरं शिक्षण विचारतात. डिग्रीची सक्ती नाही. आमच्या नागपुरातल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्थेतून किंवा लॉ करून आलेलं पोरगं असलं तर चांगलंच, पण आम्ही आधी बघतो की चार तास नजर न हलवता थांबता येतं का आणि दिसलं तेवढंच लिहिता येतं का. "संशयास्पद वाटला" आमच्या डायरीत चालत नाही. "९.४० ला वर्धमाननगरातून पांढऱ्या ॲक्टिव्हावर एकटा निघाला, १०.०५ ला धरमपेठेत थांबला", असं लागतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत तोंडाला दुपट्टा बांधून कडुलिंबाखाली उभं राहून ही एक ओळ मिळते, फी त्याची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी स्वतः चौकशी करून मग आमच्याकडे येऊ नका. एक वडील मुलीच्या लग्नाआधी मुलाची माहिती काढायला स्वतःच मिहानमधल्या त्याच्या कंपनीच्या गेटवर गेले, गार्डला नाव सांगून विचारलं, पगार किती, कुणासोबत येतो-जातो. संध्याकाळपर्यंत मुलाला कळलं. आमच्याकडे आले तेव्हा हे सांगितलंच नाही, आणि आमचा माणूस अकरा दिवस मागे, रोज घर-ऑफिस, ऑफिस-घर, बाकी काहीच नाही. मग एक दिवस बोलता बोलता निघालं. महिनाभर थांबून दुसऱ्या माणसाकडून काम परत सुरू करावं लागलं, म्हणजे तुमचे पैसे गेले आणि लग्नाची तारीखही पुढे गेली. विचारपूस केलीच असेल, नवऱ्याचा किंवा बायकोचा मोबाईल उघडून बघितला असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा, आम्ही रागावत नाही, फक्त प्लॅन बदलतो.

कॉल डिटेल, व्हॉट्सॲप हॅक, बँक स्टेटमेंट आम्ही काढून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. तो गुन्हा आहे, आणि त्यात तुम्हीसुद्धा अडकता. रस्त्यावर, हॉटेलात, चारचौघात जे दिसतं त्याचे फोटो-व्हिडिओ आम्ही काढतो, मूळ फाईल न छेडता ठेवतो, कारण कोर्टात ते द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं, तुमच्या वकिलाला विचारून घ्या.

काही गोष्टी तर फुकटात घरी बसून होतात. कोर्टात केस आहे का ते ई-कोर्ट्सवर, धंदा खरा का ते जीएसटीच्या साईटवर. नुसतं तेवढंच हवं असेल तर आम्ही तसं सांगतो, फी घेत नाही.

येताना सहा महिन्यांच्या आतला पूर्ण चेहऱ्याचा फोटो आणा (डीपी कापून पाठवू नका), गाडीचा नंबर, कामाचा पत्ता आणि जायची-यायची वेळ. पहिली भेट फ्री आहे, फोन करून या आणि त्या माणसाच्या ओळखीचं कुणी सोबत आणू नका.