अंडा-भाजी रोल ओला का होतो?

नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांतली पहिली पाळी गाठायची तर सकाळी नाश्त्याला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. पोळीत अंडं-भाजी गुंडाळून डब्यात टाकली की पोटाचं भागतं. पण डबा उघडावा तर पोळीचा लगदा झालेला, अंडं रबरासारखं आणि तळाशी पिवळसर पाणी. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: पाणी.

अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतो. कच्च्या अंड्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या वेटोळी करून बसलेल्या असतात. तापल्या की त्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. पांढरा भाग ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला लागतो, बलक ६५ ते ७० अंशांना, फेटलेलं अंडं साधारण ७३ अंशांना. ८० च्या पुढे हेच जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. मऊ अंडं आणि रबर यांत तव्यावर अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं, म्हणून अंडं टाकल्यावर आच मध्यमच हवी. मात्र कच्चट ठेवू नये. साल्मोनेलासारखे जंतू मारायला ७१ अंशांपर्यंत तापवावंच लागतं.

भाज्या तर आणखी पाणीदार. टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णव भाग पाणी! पिंपळगावचा टोमॅटो कितीही चांगला असला तरी बिया आणि त्यांभोवतीचा पातळ गर काढून फक्त सालीलगतचा घट्ट भाग घ्यावा. हिवाळ्यातला लाल कांदा साठवणीच्या उन्हाळ कांद्यापेक्षा ओलसर असतो, त्याला अर्धा मिनिट जास्त परतावं.

एका रोलला २ अंडी, अर्धा कांदा, पाव ढोबळी मिरची, अर्धा टोमॅटो, पालकाची ५-६ पानं, एक हिरवी मिरची, दीड चमचा तेल. सगळं बारीक, एकसारखं चिरायचं. तवा चांगला तापवून, अर्धा चमचा तेलावर, मोठ्या आचेवर कांदा आणि ढोबळी दोन मिनिटं परता. टोमॅटो, पालक, हिरवी मिरची शेवटच्या अर्ध्या मिनिटात. मीठ आत्ता नको. मीठ पेशींमधलं पाणी ओढून घेतं, मग भाजी परतली न जाता शिजत बसते. तवा लहान असेल तर भाजी दोनदा परता. गर्दी झाली की वाफ कोंडते. ‘चर्रर्र’ आवाज थांबून बुडबुड ऐकू आली, म्हणजे पाणी साचलं.

भाजी काढून घ्या. अंड्यांत दोन चिमूट मीठ, चिमूटभर हळद घालून फेटा, उरलेल्या तेलावर पोळीएवढं पसरा. कडा धरल्या पण वरचा थर अजून चकाकतो आहे, अशा वेळी त्यावर पोळी ठेवून हलकेच दाबा. ओलं अंडं पोळीच्या खरखरीत पृष्ठभागात शिरतं आणि घट्ट होताना तिथेच चिकटतं. वीस सेकंदांनी उलटा आणि अंड्यावर भाजी पसरा. आता पोळी आणि भाजी यांच्यामध्ये अंड्याचा थर आला. भाजीचं पाणी पोळीपर्यंत सहजासहजी पोचत नाही. कितीतरी जण भाजी अंड्यात मिसळून टाकतात, तिथेच हा फायदा जातो.

रात्रीची पोळीही चालते. गार पोळी कडक होते ती नुसती सुकून नव्हे. तिच्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसतात आणि फ्रिजच्या गारव्यात तर हे सर्वांत वेगाने घडतं. निफाडकडच्या थंडीत ओट्यावर उघडी राहिलेली पोळीही म्हणूनच गुंडाळताना तडकते. पाण्याचा हबका मारून तव्यावर गरम केली की रांगा मोडतात, पोळी लवचिक होते. भाजी भरून गुंडाळायचं काम ती गरम असतानाच उरका.

दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. बलकातल्या स्निग्धांशामुळे पालकातलं कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शरीरात चांगलं शोषलं जातं. पालक आणि गव्हातल्या लोहासाठी लिंबू पिळावं, पण खाताना. क जीवनसत्त्व उष्णतेनं नष्ट होतं. चहा तासाभरानं प्यावा, त्यातली टॅनिन्स लोह अडवतात.

डब्यात भरण्याआधी रोल दोन मिनिटं जाळीवर ठेवा, ताटात नको; ताटात खालची बाजू स्वतःच्याच वाफेनं भिजते. मग सुती फडक्यात गुंडाळा. दोन तासांच्या आत खा, एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरातच.