डायमधून जाताना ॲल्युमिनियमच्या कणांचे काय होते?

सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या एक्स्ट्रूजनने तयार होतात. सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलेला मिश्रधातूचा दंडगोल, म्हणजेच बिलेट, प्रेसच्या जोराने पोलादी डायमधून, म्हणजे पट्टीच्या आकाराचे छिद्र असलेल्या साच्यातून, रेटला जातो. सोऱ्यातून शेव पाडण्यासारखेच हे दिसत असल्याने धातूचा केवळ आकार बदलतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात धातू ज्या स्फटिकमय कणांचा बनलेला असतो, ते कणही या प्रवासात बदलतात.

हा बदल आधीच अजमावण्यासाठी संगणकीय प्रारूपात बिलेटचे हजारो लहान घटक कल्पून प्रत्येकाचे तापमान, विकृती (म्हणजे तो किती ताणला वा दाबला गेला) आणि विकृतीचा वेग टप्प्याटप्प्याने काढला जातो. यांपैकी तापमान आणि वेग यांना झेनर व हॉलोमन यांनी १९४४ मध्ये एका राशीत गुंफले. वेग वाढला किंवा तापमान उतरले की ही राशी वाढते आणि कणांच्या पोटात तयार होणारे उपकण अधिक बारीक होतात.

खरी गंमत या उपकणांतच आहे. स्फटिकांत डिसलोकेशन नावाचे रेषेसारखे दोष असतात. ॲल्युमिनियममध्ये ते एका प्रतलातून दुसऱ्या प्रतलात सहज सरकतात, त्यामुळे तांब्याप्रमाणे त्यांची दाटी होऊन नवे कण अंकुरण्याची वेळ सहसा येत नाही. ते परस्परांना नाहीसे करतात किंवा जाळी रचून कणाची उपकणांत विभागणी करतात. उपकणांचा आकार लवकरच स्थिरावतो, मूळ कण मात्र लांबत आणि पातळ होत जातो, आणि त्याच्या सीमा दातेरी होतात. जाडी एकदोन उपकणांएवढी उरली की समोरासमोरचे दाते भिडतात आणि लांब कणाचे तुकडे पडतात. यालाच भौमितिक गतिक पुनःस्फटिकीभवन म्हणतात. प्रारूपाला येथे मुख्यतः कणाची जाडी आणि उपकणाचा व्यास यांचीच तुलना करावी लागते.

डायबाहेरचे गणित मात्र इतके सरळ नाही. पृष्ठभागालगत घर्षणामुळे विकृती सर्वाधिक असते. तेथे साठलेल्या ऊर्जेमुळे, पट्टी गरम असेतोवर, भरड कणांचा थर वाढू शकतो. मँगनीज किंवा क्रोमियमयुक्त सूक्ष्मकण कणसीमांना अडवतात, पण ते किती आणि कोठे आहेत हे बिलेट आधी कसे तापवले यावर ठरते. घर्षणाचे गुणांकही प्रयोगांतूनच घ्यावे लागतात. ‘डिजिटल ट्विन’च्या, म्हणजे प्रत्यक्ष प्रक्रियेच्या संगणकीय प्रतिकृतीच्या, जाहिराती याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. थराची खरी जाडी कळते ती पट्टीचा छेद घेऊन, घासून, रसायनाने कोरून पाहिल्यावरच, आणि प्रारूपातील स्थिरांक पुन्हा जुळवले जातात ते याच मोजमापावरून.