माध्यमांची भाषा आणि पूर्वग्रह

माध्यमांची भाषा आणि पूर्वग्रह : एखाद्या समाजगटाविषयी पुरेसा अनुभव नसतानाच बनलेले, बहुधा प्रतिकूल मत म्हणजे पूर्वग्रह, त्या गटातल्या सगळ्यांना एकाच ठशात बसवणारी कल्पना म्हणजे साचेबंद प्रतिमा. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे यांतील शब्दनिवड व वाक्यरचना पूर्वग्रह आणि साचेबंद प्रतिमा घडवतात आणि टिकवूनही ठेवतात.

साच्याची ही कल्पना मुळात छापखान्यातली. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा एकसंध पत्रा ओतला की तेच पान हवे तितक्या वेळा छापता येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये या पद्धतीला ‘स्टिरिओटाइप’ हे नाव पडले. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात ते माणसाच्या डोक्यातल्या तयार चित्रांना लावले.

शिवी वाचकाला लगेच ओळखू येते. साधे, सभ्य वाटणारे वाक्य मात्र नकळत उतरते, आणि पूर्वग्रहाचा खरा वावर तिथेच असतो. ‘त्याने पाकीट मारले’ या वाक्यात एक माणूस आणि एक कृत्य आहे. ‘तो चोर आहे’ म्हटले की कृत्य मागे पडते, उरतो तो स्वभाव. ‘ते लोक चोरच असतात’ यात माणूसही नाहीसा होतो. ‘आहेत’च्या जागी ‘असतात’ आले, की घडून गेलेली गोष्ट कायमचा नियम होऊन बसते. इटलीत पालिओ या घोडशर्यतीतील प्रतिस्पर्धी संघांच्या लोकांवर मानसशास्त्रज्ञ आन मास आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या गटाचे चांगले वागणे आणि दुसऱ्या गटाचे वाईट वागणे लोक स्वभावदर्शक, अमूर्त शब्दांत सांगतात. आपले वाईट आणि दुसऱ्यांचे चांगले वागणे सांगताना मात्र तेवढ्यापुरत्या कृतीचे वर्णन करतात, असे त्यात आढळले.

कर्ता गाळणे ही दुसरी खोड. ‘तरुणीवर अत्याचार झाला’ या वाक्यात अत्याचार आपोआप घडल्यासारखा वाटतो; करणारा कुठेच नाही, आणि वाचकाची नजर उरलेल्या एकमेव व्यक्तीवर, म्हणजे तिच्यावरच जाते. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर वार’ हा मथळा त्याहून वाईट. चाकू उगारणाऱ्याला तो ‘प्रेम’ हा शब्द बहाल करतो. ‘माथेफिरूचे कृत्य’ असे छापताना कोणत्याही डॉक्टरचे निदान हाती नसते, तरी मनोविकार असलेल्या प्रत्येकावर त्याचा शिंतोडा उडतो.

रूपकेही हेच करतात. माणसे जीव वाचवून सीमेवर येतात आणि बातमीत त्यांचे ‘लोंढे’ होतात. लोंढ्याला चेहरा नसतो, त्याला बांधच घालायचा असतो.

२००५ मध्ये अमेरिकेतील कॅटरिना चक्रीवादळानंतर दोन वेगवेगळ्या वृत्तसंस्थांची छायाचित्रे शेजारी ठेवली गेली. दोन्हींत माणसे छातीभर पाण्यातून खाण्यापिण्याच्या वस्तू घेऊन जात होती. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखालच्या ओळीत ‘लूट’ होती, तर गोऱ्या जोडीच्या चित्राखाली त्या वस्तू ‘सापडल्या’ होत्या. आपण प्रत्यक्ष पाहिले तेच लिहिले, असे छायाचित्रकारांच्या बाजूने सांगितले गेले, आणि ते खोटे मानायचे कारण नाही. पण वाचकापुढे आले ते दोन शब्दच.

याचे टोक आफ्रिकेतील रवांडा या देशात दिसले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या नभोवाणी केंद्रावरून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला ‘इन्येंझी’, म्हणजे झुरळे, म्हटले जाई. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. या केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले. २००७ मध्ये अपिलात काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या, दोष मात्र पूर्णपणे पुसला गेला नाही. शत्रुत्वाच्या बोलण्यापासून संहारापर्यंतच्या पायऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडल्या होत्या. पहिली पायरी बोलण्याचीच होती.

रोगांच्या नावांचा इतिहासही बोलका आहे. एड्सला प्रारंभी समलिंगी पुरुषांशी जोडणारे नाव वापरले गेले. १९८२ मध्ये ते बदलले, तरी कलंक लवकर सुटला नाही. नव्या रोगांना स्थळांची, लोकसमूहांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले.

शब्द बदलला की मन बदलते, असे नाही. नवे नावही काही काळाने जुन्याच तिरस्काराने माखते. म्हणून वाक्याची घडण बदलणे मला अधिक मोलाचे वाटते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत ‘अवैध स्थलांतरित’ हा प्रयोग थांबवला. ‘अवैध’ हे विशेषण कृतीला लावावे, माणसाला नको, असा तो नियम आहे. म्हणजे देशात येणे किंवा राहणे अवैध म्हणता येते. आलेल्या माणसाला, कुणाचे बोलणे जसेच्या तसे उद्धृत केले जात नसेल तर, तसे म्हणता येत नाही.