नोकरदार नायिकांचे भयपट

मध्यवर्ती पात्र नोकरी वा व्यवसाय करणारी स्त्री असते आणि कामापायीच ती भयाच्या तोंडी सापडते, अशा भयपटांचा हा प्रकार. यातली दुसरी अट महत्त्वाची. नायिका बँकेत कामाला आहे हे एका वाक्यात उरकून पुढची सगळी कथा सासरच्या वाड्यात घडणार असेल, तर तो चित्रपट यात धरता येत नाही. ‘सायको’ (१९६०) मधली मॅरियन क्रेन कचेरीत नोकरी करते आणि तिथलेच ४०,००० डॉलर घेऊन पळते. पण चित्रपट निम्मा होण्याआधीच ती मरते, त्यामुळे तिला नायिका म्हणावे की नाही यावर वाद घालता येतो.

घरात भूत आहे हे कळल्यावरही माणसे तिथून निघून का जात नाहीत, ही भुताच्या गोष्टीतली जुनी अडचण. नोकरी हे तिचे सरळ उत्तर. बातमी अर्धी सोडता येत नाही, रात्रपाळी संपेपर्यंत वॉर्ड सोडता येत नाही. स्पॅनिश ‘रेक’ (२००७) मधली वाहिनीची निवेदिका अग्निशमन दलाच्या रात्रपाळीवर कार्यक्रम करायला जाते आणि सील केलेल्या इमारतीत अडकते. आत काहीही झाले तरी चित्रीकरण थांबवू नकोस, हाच तिचा कॅमेरामनकडे हट्ट असतो.

हिदेओ नाकाता यांचा जपानी ‘रिंगू’ (१९९८) या प्रकारातला सर्वांत नेटका नमुना. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या मूळ कादंबरीत शोध घेणारा पत्रकार पुरुष आहे. पडद्यावर त्याच्या जागी रेइको असाकावा ही दूरचित्रवाणी वार्ताहर आली. शापित चित्रफीत पाहिली की सात दिवसांत मरण. रेइको मांत्रिक शोधत बसत नाही. ती फीत थांबवून थांबवून पाहते, त्यातल्या अस्पष्ट बोलण्याची ढब कुठल्या बेटावरची हे शोधले जाते, जुनी वृत्तपत्रे चाळली जातात. बोलण्यावरून माणूस निपाणीचा की खानापूरचा हे ओळखणाऱ्या बेळगाव सीमाभागातल्या प्रेक्षकाला हा भाग फार परका वाटू नये. भीती वाढते ती तपास पुढे सरकतो म्हणून.

डॉक्टर नायिकांचे बहुधा उलटे होते. ‘गॉथिका’ (२००३) मधली मनोविकारतज्ज्ञ स्वतःच्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून कोंडली जाते. ‘स्माइल’ (२०२२) मधल्या मनोविकारतज्ज्ञावर तिचे सहकारीच विश्वास ठेवत नाहीत. कालपर्यंत जिचे निदान प्रमाण मानले जाई, तिचा शब्द आज भ्रम ठरतो. यात लेखकांची सोय आहे आणि थोडी खोडही: बाईची पदवी हिरावून घेतली की भीती आयती मिळते.

कन्नडमध्ये पवन कुमार यांच्या ‘यू टर्न’ने (२०१६) हा प्रकार रस्त्यावर आणला. श्रद्धा श्रीनाथ यांनी साकारलेली रचना ही इंग्रजी दैनिकातली शिकाऊ वार्ताहर. बेंगळुरूच्या एका उड्डाणपुलावर दुचाकीवाले दुभाजकाचे दगड सरकवून मधूनच गाडी वळवतात, यावर तिला लिहायचे असते. पुलावर बसणारा एक माणूस पैसे घेऊन तिला गाड्यांचे क्रमांक टिपून देतो. क्रमांकावरून पत्ता, पत्त्यावरून दार. आणि दारामागचा माणूस मेलेला. वाड्याची, अमावास्येची गरज पडत नाही. बाजूला सारलेला आणि जागेवर न ठेवलेला दगड पुरतो. मल्याळम, तमिळ-तेलुगू आणि हिंदीतही हा चित्रपट पुन्हा बनला.

मराठी भयपट मात्र नोकरीच्या दाराशी थबकतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ची (२०१७) नायिका गरोदर आहे आणि कर्जवसुलीला येणाऱ्यांपासून लपायला नवऱ्याबरोबर उसाच्या रानातल्या घरात येते, चित्रपटाची धार स्त्रीभ्रूणहत्येच्या विषयात आहे, तिच्या कामात नाही. त्यांच्याच ‘बळी’ची (२०२१) कथा रुग्णालयात घडते, तरी मध्यभागी आजारी मुलाचा बाप आहे. ‘लपाछपी’तला ऊस चिक्कोडी, रायबाग, कागवाड, अथणीकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याचा हंगाम सुरू होऊन तोड लागेपर्यंत पाणंदीच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर उंच भिंत उभी असते. पाच हातांवरचा माणूस दिसत नाही, पाल्याची सळसळ तेवढी ऐकू येते. त्या वाटेने आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका रोज जातात, त्यांच्यावर कथा रचायला पटकथाकाराला लांब जायला नको.

बेळगाव सीमाभागात मराठी, कन्नड आणि हिंदी भयपट पाहणारा प्रेक्षक बहुतेक एकच असतो, आणि भुताखेतांचा साठाही दोन्हीकडचा. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवर्षीकडे अंगारा आणायला जाणे, तिठ्यावरचा उतारा न ओलांडणे, करणी, भानामती हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दारावर ‘नाळे बा’, म्हणजे उद्या ये, असे लिहून हाक मारणाऱ्या भुतिणीला परत पाठवण्याची कर्नाटकातली दंतकथा. तिच्यावरूनच हिंदी ‘स्त्री’ने (२०१८) आपले सूत्र घेतले. या समजुतींना इथल्या इथेच आव्हान देणारेही आहेत. सतीश जारकीहोळी यांनी कर्नाटकाचे मंत्री असताना ६ डिसेंबर २०१४ रोजी, आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत रात्र काढली होती. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला. कर्नाटकाचा अमानुष प्रथा व काळी जादूविरोधी कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०२० मध्ये लागू झाला.

अशा मुलखात नोकरदार नायिकेचा पेच इंग्रजी चित्रपटांपेक्षा वेगळा बसतो. तिथे नायिकेवर कोणी विश्वास ठेवत नाही. इथे तापाने फणफणलेल्या पोरीला दवाखान्यात न्या म्हणणाऱ्या परिचारिकेलाच घरची मंडळी आधी देवर्षी काय म्हणतो ते ऐकायला सांगतात. भुतावर सगळ्यांचा विश्वास आणि तिचा एकटीचा नाही, अशी कथा रेइकोच्या कथेपेक्षा लिहायला अवघड आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या वाड्यांचा पावसाळ्यात संपर्क तुटतो, आजाऱ्याला खांद्यावर वाहून आणावे लागते. तिथे जाणाऱ्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला वाटेत अस्वलाची धास्ती खरी असते, आणि कथेतले भूत त्या अस्वलाच्या तोडीचे असावे लागेल.