मागे माणूस बसल्यावर मोटरसायकलचे काय होते

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याला मोटरसायकलचा पक्का परवाना मिळाला आणि त्याच आठवड्यात ताईने त्याला सांगितले, की शुक्रवारी मला सोलापुरातल्या रूपाभवानीच्या देवळात घेऊन चल. तोपर्यंत त्याने गाडी एकट्यानेच चालवली होती. ताईला बसवण्याआधी मी त्याच्या मागे बसून पाहतो असे ठरले आणि सकाळी सहाच्या सुमारास आम्ही दोघे होम मैदानावर गेलो. पहिल्याच फेरीत एक कुत्रे आडवे आले. त्याने ब्रेक दाबला तशी माझ्या हेल्मेटची टक्कर त्याच्या हेल्मेटवर बसली, माझा भार त्याच्या पाठीवर गेला, त्याची दोन्ही कोपरे ताठ झाली आणि गाडी त्याच्या अंदाजापेक्षा चांगलीच पुढे जाऊन थांबली. कुत्रे सुखरूप निसटले. "मामा, ब्रेक लागलेच नाहीत," तो म्हणाला.

ब्रेक उत्तम होते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरी आल्यावर मी कागद घेतला आणि नेमके काय झाले ते त्याला आकड्यांत मांडून दाखवले. ते आकडे इथेही देतो, कारण पहिल्यांदा डबलसीट घेणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच ठाऊक असावेत असे मला मनापासून वाटते.

नेहमीच्या वापरातली, सुमारे ११२ किलोची मोटरसायकल घेऊ. चालवणारा ६५ किलोचा आणि मागे बसणारा ६० किलोचा असे धरू. दोन चाकांच्या मध्यांतले अंतर साधारण सव्वा मीटर असते. चालवणारा या अंतराच्या मधल्या भागात बसतो, पण मागच्या माणसाची जागा मागच्या चाकाच्या जवळजवळ थेट वर येते. त्यामुळे एकट्याने चालवताना पुढच्या चाकावर सुमारे ७७ किलो आणि मागच्या चाकावर १०० किलो भार असेल, तर दुसरा माणूस बसल्यावर पुढचा भार जेमतेम ८० किलो होतो आणि मागचा मात्र १५७ किलोपर्यंत चढतो. साठातले सत्तावन्न किलो एकटे मागचे चाक उचलते. शिवाय मागची सीट जरा उंच असल्याने गाडी आणि माणसे मिळून होणाऱ्या या सगळ्या वस्तुमानाचा गुरुत्वमध्य सुमारे दहा सेंटिमीटर वर सरकतो. रंग तोच, नंबर तोच, पण हाताखाली आता वेगळे यंत्र असते.

आता ब्रेककडे येऊ. ब्रेकवर बोटांचा आणि पायाचा जितका दाब पडतो, त्याच्या प्रमाणात गाडीला मागे खेचणारे बल मिळते. सवयीने आपण तोच दाब देतो, पण थांबवायचे वस्तुमान १७७ किलोऐवजी २३७ किलो झालेले असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने एकट्याने जाताना जो दाब गाडीला साधारण १२ मीटरमध्ये थांबवतो, तोच दाब दोघे असताना सुमारे सोळा मीटर घेतो. हे वाढलेले चार मीटर म्हणजे गाडीच्याच दोन लांब्या झाल्या, आणि ब्रेक दाबण्याचे सुचेपर्यंत गेलेला एक सेकंद, म्हणजे आणखी अकरा मीटर, यात धरलेलाच नाही. टायर आणि ब्रेक चांगले असतील, तर जास्त दाब देऊन हे अंतर बरेचसे भरून काढता येते, कारण भार वाढला की टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षणही वाढते. म्हणून उणीव ब्रेकमध्ये नसते. हाताला जुन्या वजनाची सवय असते, आणि ती मोकळ्या जागेत, हळू वेगात, पाच-दहा वेळा थांबून पाहिल्याशिवाय बदलत नाही.

ब्रेक लावताच भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकाकडे झुकतो, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत असते. एकट्याने जोरात ब्रेक लावल्यावर मागच्या चाकावर पन्नासेक किलोच उरतात, म्हणून पायाचा ब्रेक थोडा जास्त दाबला की मागचे चाक लॉक होऊन घसरते. दोघे असताना तितक्याच जोराने वेग कमी करताना मागच्या चाकावर ऐंशीहून अधिक किलो टिकून राहतात. याचा अर्थ डबलसीट असताना पायाचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त कामाचा असतो आणि तो मोकळेपणाने वापरावा. तरीही मुख्य काम पुढच्या ब्रेकचेच राहते. तो वापरायला घाबरणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत, आणि दोघे असताना ती भीती अधिक महागात पडते.

भाच्याची कोपरे ताठ झाली, ती मात्र वेगळ्या कारणाने. ब्रेक गाडीला लागतो, मागच्या माणसाला लागत नाही. जडत्वामुळे माझे शरीर पुढे जातच राहिले. साठ किलोच्या माणसाला तितक्या तीव्रतेने थांबवायला सुमारे तीस किलो वजनाइतके बल लागते. त्यातले काही सीटशी होणारे घर्षण पुरवते आणि उरलेले चालवणाऱ्याच्या पाठीतून त्याच्या मनगटांवर उतरते. ताठ हातांनी हँडल नीट फिरत नाही, म्हणजे नेमके जेव्हा कुत्र्याला चुकवायचे असते तेव्हाच गाडी वळायला नकार देते. म्हणून मागच्याने एका हाताने सीटमागची दांडी आणि दुसऱ्या हाताने चालवणाऱ्याची कंबर धरावी. दांडी त्याला पुढे आदळण्यापासून रोखते आणि कंबरेवरचा हात गाडी झटक्यात सुटताना मागे पडण्यापासून वाचवतो. गिअर बदलताना हेल्मेटवर हेल्मेट आपटते त्यामागेही हेच जडत्व आहे. क्लच हळूहळू सोडला की मान सावरायला वेळ मिळतो आणि ते आपटणे थांबते.

तोल हा यातला सर्वांत सुंदर विषय आहे. दुचाकी चालताना उभी का राहते, याचे गणित फ्रान्सिस व्हिपल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये मांडले. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामामुळेच ती उभी राहते असे पुष्कळांना वाटे. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम पुसून टाकलेली सायकल बनवली आणि ती मजेत चालवून दाखवली. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी भोवऱ्याचा परिणामही नसलेली आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षाच्या मागे ओढले जाईल अशी नेहमीची ठेवणही नसलेली एक छोटी दुचाकी तयार केली, आणि तीही आपली आपण तोल सावरत गेली. या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, की दुचाकी ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला हँडल वळले, तर चाके पुन्हा वजनाखाली येतात. तळहातावर काठी उभी धरताना हात काठीखाली नेत राहावा लागतो, तसेच हे आहे.

तळहातावर पेन्सिल उभी राहत नाही, पण लांब काठी राहते, कारण उंच वस्तू सावकाश कलते. तेव्हा दोघे बसल्याने गुरुत्वमध्य वर गेला म्हणून गाडी चालताना तोल बिघडतो, हे म्हणणे तितकेसे खरे नाही. खरी अडचण अशी, की या काठीचा वरचा भाग स्वतंत्र बुद्धीने हलतो. नवी पेठेच्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीने सरकत असताना मागच्याने दुकानाची पाटी वाचायला मान आणि खांदा वळवला, की चालवणाऱ्याला कारण न कळता हँडल सावरावे लागते. वळणावरही तेच होते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जायचे तर सुमारे वीस अंश कलावे लागते आणि या हिशेबात वजन येतच नाही, एकटा असो वा दोघे. पण मागचा घाबरून उलट दिशेला सरळ बसला, तर त्याची भरपाई करायला गाडीला आणखी कलावे लागते. "माझ्या खांद्यावरून वळणाच्या बाजूला बघत राहा," एवढे एक वाक्य आधी सांगितले, तर शरीर आपोआप योग्य तितके कलते.

साडी नेसलेल्या बाईला एका बाजूला बसवायचे असेल, तर आणखी विचार लागतो. दोन्ही पाय डावीकडे आल्याने तिचे वजन मध्यरेषेपासून सात-आठ सेंटिमीटर बाजूला जाते आणि सरळ रस्त्यावरही गाडी उजवीकडे दीडेक अंश कललेली ठेवावी लागते. ब्रेक लागल्यावर ती स्वतःच्या उजव्या कुशीकडे ढकलली जाते आणि त्या दिशेला पाय रोवायला काहीच नसते. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा साडीगार्ड, पाय ठेवायची जागा आणि धरायची दांडी नियमाने असलीच पाहिजे. ती दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकू नये.

निघण्यापूर्वी करायची दोन कामे पाच मिनिटांची आहेत. मागच्या टायरसाठी गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे हवेचे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. पंक्चरवाल्याला त्यातला दुसरा आकडा सांगावा, आणि सोलापूरच्या उन्हात टायर तापून दाब वाढतो म्हणून हवा सकाळी, चाक थंड असताना तपासावी. दुसरे काम मागच्या शॉकअब्सॉर्बरचे. त्याच्या स्प्रिंगखालची खाचांची कडी पान्याने एक-दोन खाचा कडक करावी. तसे केले नाही आणि गाडी मागून तीन सेंटिमीटर बसली, तर हेडलाइटचा झोत तीस मीटरवर सुमारे सत्तर सेंटिमीटर वर जातो, आणि तुळजापूर रोडवर रात्री समोरून येणाऱ्याच्या नेमका डोळ्यांत शिरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार मागे एकच माणूस बसू शकतो. कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे, मागच्यालाही. चार वर्षांखालील मूल बरोबर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

शुक्रवारी ताई निघाली तेव्हा मी दारात उभा होतो. गाडी उभी असतानाही पडू शकते, आणि त्याचाही हिशेब सोपा आहे. थांबलेली गाडी पाच अंश कलली तर ती सावरायला एकट्यापेक्षा दीडपट जोर लागतो, आणि साठ किलोच्या माणसाने एका बाजूच्या फूटरेस्टवर सगळे वजन देऊन चढायला सुरुवात केली की जवळपास तेवढाच जोर एकाच झटक्यात येतो. भाच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवले, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि मगच म्हणाला, "हं, आई, आता बस." ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फूटरेस्टवर पाय दिला, आणि गाडी बोटभरही हलली नाही.